छपराची चूळ

१

बातमी आली तो मंगळवार होता, आणि मंगळवारी प्रयोगशाळेत विहिरींच्या पाण्याच्या बाटल्या यायच्या. धाकट्यानं त्या ओळीनं मांडल्या, चिठ्ठ्या तपासल्या आणि कामाला लागला. अठ्ठेचाळिशी गाठली तरी घरात तो धाकटाच होता. दादा त्याला अजून ‘छोट्या’ म्हणायचा. वहिनी ‘भाऊजी’ म्हणायची, आणि या दोन हाकांपलीकडे त्याला घर असं नव्हतं.

सकाळी दहाला दादाचा फोन आला होता. दादा पंप दुरुस्त करणारा. कुठल्याशा जलाशयावर तराफ्यावरचा पंप बिघडला म्हणून चार दिवसांसाठी गेला होता.

“छोट्या, चूळ सोडलीस का?”

“सोडतो रे.”

“सोडतो नाही. जेवणाच्या सुट्टीत घरी जा आणि सोड. दुपारनंतर पाऊस येतोय तिकडे.”

“दादा, मी कामावर आहे.”

“मग मी काय इथे पोहायला आलोय?” दादा हसला आणि फोन ठेवला.

चूळ हा दादाचा शब्द. घराच्या छपराचं पाणी बागेसाठी साठवायची सगळी व्यवस्था त्यानं स्वतःच्या हातानं केली होती. छपराच्या कडेला पन्हळ, पन्हळीतून खाली येणारा पाइप आणि मागच्या भिंतीला टेकून कमरेएवढी सिमेंटची टाकी. पण पाणी सरळ टाकीत जायचं नाही. वाटेत पाइपाला एक फाटा होता, खालून झाकणानं बंद केलेला. पाऊस सुरू झाला की छपरावरची धूळ, पानं, पक्ष्यांची घाण घेऊन येणारं पहिलं पाणी त्या फाट्यात भरायचं. तो भरला की मग मागचं स्वच्छ पाणी जाळीतून टाकीत. “छपरानं चूळ भरली की ती थुंकू द्यायची,” दादा म्हणायचा. म्हणजे पाऊस थांबला की फाट्याचं झाकण फिरवून ते पाणी गटारात सोडायचं. नाही सोडलं तर फाटा भरलेलाच राहतो आणि पुढच्या पावसाची घाण थेट टाकीत उतरते.

जेवणाच्या सुट्टीत धाकटा घरी गेला नाही. त्यानं डबा खाल्ला आणि पेपर वाचला.

तीन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला, तेव्हा तो पाण्यातलं मीठ मोजत होता. पिवळ्या पाण्यात नळीतून थेंब थेंब औषध टाकत जायचं, रंग विटकरी झाला की थांबायचं. तराफा उलटला होता. दोघं पोहून आले होते, तिसरा सापडत नव्हता. धाकट्यानं सगळं ऐकून घेतलं. फोन ठेवला. मग उरलेले थेंब टाकले, रंग बदलला तेव्हा थांबला, वहीत आकडा लिहिला आणि मग उठला.

घरी पोचला तेव्हा छपरावर पाऊस नुसता कोसळत होता.

२

नऊ दिवस शोध झाला. दहाव्या दिवशी शोधणारे परत गेले.

वहिनी रडली नाही. रोज संध्याकाळी टाकीच्या तोटीला नळी लावायची आणि बागेला पाणी घालायची. टोमॅटो, वालाचा वेल, कोपऱ्यातलं लिंबू.

“वहिनी, थोडं बसा तरी.”

“बसते. पण ते येतील तेव्हा बाग सुकलेली नको. मलाच बोलणी बसतील.”

‘ते येणार नाहीत’ हे कुणीतरी म्हणायला हवं होतं, आणि घरात तो एकटाच उरला होता. लग्नात दादानं त्याला बाजूला घेऊन म्हटलं होतं, मला काही झालं तर हिच्याकडे बघ. तेव्हा ते हसण्यावारी गेलं होतं. आता हिच्याकडे बघायचं म्हणजे हिला हे पटवायचं, एवढंच त्याला कळत होतं. तोंड काही उघडत नव्हतं.

तोंड उघडता येईना म्हणून त्यानं झाकण उघडायचं ठरवलं. अकराव्या दिवशी सकाळी मागच्या अंगणात उकिडवा बसून त्यानं चुळीचं झाकण फिरवलं.

आधी काळी, कुजलेली पानं आली. त्यामागून शेवाळाचा गोळा. हे ठीकच होतं. मग पाणी पांढरट झालं. वर साय धरावी तसा काहीतरी तवंग होता आणि त्यात बारीक काळे-पांढरे केस चिकटले होते. दाढी केल्यावर भांड्यात उरतात तसे, कुसळासारखे, आखूड. ते पाणी त्याच्या मनगटावरून ओघळलं आणि त्यानं हात मागे ओढला.

पाणी कोमट होतं.

गरम नव्हतं. कुणीतरी नुकतंच अंगावर घेतलेलं पाणी मोरीत पायाला लागावं, तसं होतं. त्याला लहानपणापासून त्या स्पर्शाची शिसारी होती. दादाच्या पाठोपाठ आंघोळीला जावं लागायचं तेव्हा तो आधी दोन तांबे ओतून फरशी धुवायचा. दादा त्याच्यावर हसायचा. “माझंच पाणी आहे रे, विष नाही.”

त्यानं झाकण लावलं, हात साबणानं धुतला. पक्षी घरट्यासाठी केस नेतात, हे त्याला आठवलं. उन्हानं पाइप तापतो, हेही आठवलं. त्या दिवशी ऊन नव्हतं, पण ते त्यानं मनात येऊ दिलं नाही.

३

पुढच्या पावसानंतर त्यानं चुळीतलं पाणी बाटलीत भरून कामावर नेलं. संध्याकाळ झाली होती म्हणून बाटली फ्रीजमध्ये बाकीच्यांच्या ओळीत ठेवली आणि घरी आला.

सकाळी फ्रीज उघडला तर सगळ्या बाटल्यांवर दव धरलं होतं. एकच बाटली कोरडी होती. त्यानं ती उचलली आणि पटकन टेबलावर ठेवली. रात्रभर कुणीतरी काखेत धरून बसल्यासारखी ती ऊबदार होती.

शेजारच्या टेबलावर त्याचा जुना सहकारी बसायचा. जाड भिंगांमुळे सगळे त्याला ‘दुर्बीण’ म्हणत. दुर्बिणीनं वाकून बघितलं.

“हे कुठलं?”

“छपराचं. पावसाचं.”

“पावसाचं? वर तेल दिसतंय.”

“तू मीठ बघ ना जरा. माझा हात आज बरा नाही.”

दुर्बीण थेंब टाकायला बसला. पावसाच्या पाण्याला तीन-चार थेंब पुरतात. थेंब पडत राहिले, पिवळं पिवळंच राहिलं. दुर्बिणीनं नळी एकदा रिकामी केली, पुन्हा भरली. अर्ध्यावर गेल्यावर कुठे रंग वळला.

“अरे, हे पावसाचं नाही,” तो चष्मा पुसत म्हणाला. “कुणीतरी अंग धुतलंय यात. चार दिवसांचा घाम आहे, मीठ आहे, तेल आहे. छपरावर आंघोळीला कोण बसतं तुझ्या?” तो स्वतःच हसला. मग त्याला काय आठवलं कोण जाणे, हसू आवरून म्हणाला, “माफ कर. तुझ्या घरी हे असं चाललंय आणि मी... टाकू का ओतून?”

“टाक.”

मोरीत ओतताना दुर्बिणीनंही तोंड बाजूला केलं. बाटली धुतली तरी आत आडवी रेघ राहिली, बादलीच्या काठाला मळाची बसते तशी. धाकट्यानं ती बाटली कचऱ्यात टाकली आणि तीन वेळा हात धुतले. नखांच्या कडेला ओशट तसंच लागत राहिलं. दुपारचा डबा त्यानं उघडलाच नाही.

४

शिडी लावून त्यानं पन्हळ तपासली. घासून ठेवल्यासारखी स्वच्छ होती. छपराचे पत्रे कोरडे, वर कुणी जाण्याची खूण नाही. आजूबाजूला याहून उंच घर नव्हतं. तो निम्म्या शिडीवर तसाच उभा राहिला आणि आपण नक्की काय शोधतोय हा प्रश्न स्वतःला विचारायचं त्यानं टाळलं.

दुपारी पाऊस आला. छत्री धरून त्यानं पन्हळीच्या तोंडाशी पांढरा मग लावला. मगात पाणी नितळ. बोट घालून बघितलं, थंडगार. म्हणजे छपरापर्यंत सगळं नीट होतं. जे काही होत होतं ते पाइपात, त्या दोन हातांच्या अंतरात होत होतं.

पाऊस थांबल्यावर त्यानं झाकण फिरवलं. या वेळी पाणी थोडं आलं आणि अडलं. काडी घालून ढवळल्यावर एक पांढुरका, बुळबुळीत गोळा बाहेर पडला. बराच वेळ पाण्यात राहिलेल्या तळपायाची कातडी सुटते तसा. तो जमिनीवर पसरला आणि त्याच्या मधोमध एक नख होतं.

अंगठ्याचं अख्खं नख. जाड, पिवळट, आणि खालच्या बाजूला काळा अर्धचंद्र.

तो डाग त्याच्या ओळखीचा होता, कारण तो त्यानंच केला होता. पावसाळ्याआधी सुटलेला हाच पाइप पुन्हा भिंतीला ठोकताना दादानं खिळा धरला होता आणि हातोडी धाकट्यानं मारली होती. दादा बोट तोंडात घालून अंगणभर नाचला होता. “भावा, भिंत इकडे आहे!”

आता त्याला हुंदका यायला हवा होता. आली ती ओकारी. तिच्यामागून लाज आली, पण आधी ओकारीच. काडीच्या टोकानं त्यानं ते नख ढकलत ढकलत गटाराच्या तोंडाशी नेलं आणि आत पाडलं.

“काय टाकलंत भाऊजी?”

वहिनी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती.

“पान होतं.”

“पान नव्हतं,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. “आत या. चहा ठेवलाय.”

५

स्वयंपाकघर नेहमीसारखंच होतं. ओट्यावर टोपलीत टोमॅटो, खिडकीत वाळत घातलेलं फडकं. बसता बसता धाकट्यानं सवयीनं एक टोमॅटो उचलला. एवढा मोठा, एवढा तुकतुकीत टोमॅटो त्या बागेत कधी झाला नव्हता. सावलीत ठेवलेला असून तो हाताला कोमट लागला. त्यानं तो अलगद परत ठेवला आणि तळवा पँटला पुसला.

वहिनीनं कप पुढे केला. तो एक घोट प्याला. मग कपाच्या काठाशी रंगीत तवंग फिरताना दिसला.

“वहिनी, पाणी कुठलं आहे हे?”

“नळाला कालपासून नाहीये. टाकीचं घेतलं. उकळलंय चांगलं.”

घोट त्याच्या तोंडातच राहिला. गिळवेना, थुंकवेना. शेवटी तो मोरीकडे धावला. परत आला तेव्हा ती आपला कप शांतपणे संपवत होती.

“ते पाणी पिण्याचं नाही. बागेलाही घालायचं नाही आता. मी तपासलंय.”

“मीही तपासलंय,” वहिनी म्हणाली. “तुम्ही कामावर असता तेव्हा चूळ मीच सोडते. तुम्हाला मिळतं ते माझ्या हातून सुटलेलं.”

तिनं फडताळाकडे नुसतं बघितलं. तिथे वरच्या फळीवर झाकण लावलेलं एक पातेलं होतं आणि शेजारी चहाची जुनी गाळणी. धाकट्यानं त्या दिशेला पुन्हा मान वळवली नाही.

“तुम्हाला किळस येते ना?” ती म्हणाली. “मलाही यायची. लग्न झालं तेव्हा पहिले दोन महिने त्यांचा ओला टॉवेल मला हातात धरवायचा नाही. त्यांचा कंगवा, त्यांच्या चादरीचा वास. आईला सांगितलं तर ती म्हणाली, सवय होईल. झाली. तुम्ही तर सख्खे भाऊ. एका ताटात जेवलेले.”

“वहिनी, दादा गेला.” वाक्य एकदाचं बाहेर पडलं. “दादा परत यायचा नाही.”

“गेले होते,” ती म्हणाली. “तेच तर म्हणतेय.”

६

त्यानं वाद घातला. विज्ञान शिकलेला माणूस, त्यानं सगळं मांडलं. धक्का बसलेल्या माणसाला भास होतात. दोघांना एकदम झाला म्हणून भास खरा होत नाही. टाकीच्या तोंडाला जाळी आहे, तिच्यातून मोहरीचा दाणा जात नाही. मग आत काही असेलच कसं?

वहिनीनं सगळं ऐकून घेतलं. मुलाचा पाढा ऐकावा तसं.

“बारीकच आलं असेल,” ती म्हणाली. “आत अंधार आहे, निवांत आहे. बसत असेल हळूहळू.” मग कप विसळत, पाठमोरीच, तिनं विचारलं, “त्या दिवशी तुम्ही चूळ सोडली नव्हती ना?”

धाकट्यानं आपला कप दूर सरकवला.

“मला माहीत आहे. त्यांचा मलाही फोन आला होता. म्हणाले, छोट्याला सांगितलंय पण तो काही जायचा नाही, तू बघ. मी म्हटलं, बघते. आणि मी झोपले.” तिनं नळ बंद केला. त्याला पाणी होतं. “चार वाजता केवढा पाऊस पडला. चूळ भरलेली, म्हणजे सगळं सरळ टाकीत. बरं झालं आपण दोघं विसरलो. सोडली असती तर पहिलंच सगळं गटारात गेलं असतं. नंतर आलं ते किरकोळ.”

हात पुसून ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

“झाकण मला एकटीला उचलत नाही. तेवढं उद्या उचलून द्या.”

टाकीचं झाकण सिमेंटचं, दोन बाजूंना लोखंडी कड्या असलेलं. दर वर्षी दोघं भाऊ ते मिळून उचलायचे. दादा पलीकडची कडी धरायचा, अंगठ्याचं नख झाकणावर दोनदा टकटक वाजवायचा, आणि त्या दुसऱ्या टकटकीला दोघांनी जोर करायचा. एक-दोन-तीन कधी मोजलं नाही.

७

दुसऱ्या दिवशी वहिनी बाजारात गेली तशी त्यानं टाकी रिकामी करायचं ठरवलं. झाकण उचलायचं नाही, बघायचं नाही. तोटी सोडायची, सगळं गटारात जाऊ द्यायचं, टाकी फोडून टाकायची. ती रडेल, मग सावरेल. त्याला हेच ‘तिच्याकडे बघणं’ वाटलं.

स्वच्छ ऊन पडलं होतं. कुठेतरी रेडिओ लागला होता. त्यानं नळी काढली आणि तोटी पूर्ण फिरवली.

पाणी सुरुवातीला नीट आलं. मग जड झालं, भाताच्या पेजेसारखं, आणि वाफ यावी तसा त्याला वास आला. साबण, घाम, ओलं बनियन. बंद खोलीत झोपलेल्या माणसाच्या उशीचा वास. बादली निम्मी भरली आणि धार बारीक होत होत थांबली. तोटी तुंबली होती.

त्यानं काडी शोधली. जवळपास नव्हती. तोटी पिळून बाहेर काढली, तर भिंतीतलं गोल भोक उघडं पडलं, बोट जाईल एवढं. त्यातून काहीच येईना. आत काहीतरी फिकट, भरल्यासारखं, भोकाला लागून बसलं होतं.

दात आवळून, तोंड फिरवून, त्यानं उजव्या हाताचं पहिलं बोट आत घातलं.

मऊ लागलं. पाण्यात फार वेळ राहिल्यासारखं, सुरकुतलेलं. गाळ असेल, त्यानं स्वतःला सांगितलं. शेवाळ असेल. त्यानं जरा दाबलं. ते दबलं, मागे सरलं, आणि मग पुढे आलं. त्याच्या बोटाच्या टोकावर टोक ठेवून टेकलं. ऊबदार होतं. त्याच्या बोटाच्या मानानं बरंच जाड होतं.

मग त्यानं धाकट्याच्या बोटावर दोनदा ठोकलं.

आवाज झाला नाही. मऊच लागलं. नख नव्हतं त्याला.

८

तोटी परत कशी बसवली, बादली कुठे ओतली, हे त्याला नंतर आठवेना. हात मात्र त्यानं कोपरापर्यंत धुतले, राखेनं घासले, मग पुन्हा धुतले. वहिनी पिशव्या घेऊन आली तेव्हा तो पायरीवर बसला होता, उजवा हात शरीरापासून लांब धरून, जणू तो शेजाऱ्याचा आहे.

तिनं अंगणातली ओल बघितली. त्याच्या हाताकडे बघितलं. काय झालं, हे विचारलं नाही.

“उचलायचं का?” तिनं विचारलं.

“उद्या,” धाकटा म्हणाला.

त्याला आज तीन आठवडे झाले. दरम्यान चार वेळा पाऊस पडला. चूळ आता वहिनीच सोडते, आणि त्यात फक्त पानं येतात, म्हणते. बाकीचं आलंय, म्हणते. ती रोज सकाळी त्याला झाकणाची आठवण करून देते, न चिडता, दादा करून द्यायचा तशीच. तो रोज कामावर जातो, बाटल्या मांडतो, उजव्या हाताला रबरी मोजा घालून थेंब मोजतो. बाहेरून बाटलीबंद पाणी आणतो. दुर्बिणीनं एकदा विचारलं, हाताला काय झालं रे? तो म्हणाला, खाज येते.

ती खाज नाही. बोटाच्या टोकाला तो स्पर्श अजून आहे, आणि त्याची किळस अजून तेवढीच आहे. सवय होईल असं वहिनी म्हणते. आपल्याला सवय होईल, याचीच त्याला सगळ्यात जास्त भीती वाटते.

संध्याकाळी ती टाकीपाशी पाट टाकून बसते. पलीकडची कडी मोकळी ठेवलेली असते. आपल्या बाजूच्या कडीवरची धूळ ती पदरानं पुसते, आणि मग दोघा-तिघांना ऐकू जाईल इतक्या साध्या आवाजात सांगते, “आज भाऊजी दमलेत कामावरून. उद्या येतील.”

धाकटा खिडकीतून ऐकतो. दादानं सांगितलेली दोन कामं होती, चूळ सोड आणि हिच्याकडे बघ. एक त्या मंगळवारी राहिलं.

झाकण अजून उचललेलं नाही.